नववं नाव

गर्भात कोणकोणते आजार दिसले तर मुदत उलटल्यावरही गर्भपात करता येईल, ती यादी संध्याकाळच्या आत कायदा खात्याला जायची होती. आठ नावं टाइप झाली आणि नवव्यापाशी घोडं अडलं. त्या आजाराचं कागदोपत्री नाव साहेबांना काही केल्या सापडेना.

टायपिस्ट बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग कुबडी सावरत त्या कपाटापाशी गेल्या आणि नोकरीला लागताना जोडलेला स्वतःचा अपंगत्वाचा दाखला त्यांनी साहेबांपुढे ठेवला. त्यावर तेच नाव होतं, सही-शिक्क्यासकट.

साहेबांनी ते शब्दन् शब्द यादीत उतरवलं आणि हुश्श करून खुर्चीत मागे टेकले.

 

"बरं झालं बाई, तुम्ही आहात."