इलेव्हन बसेल का?

तिसऱ्या खेपेलाही यशया सरांनी सीपीयू घरीच ठेवला होता. हातात नुसता पेनड्राइव्ह.

"सर, मशीन बघितल्याशिवाय कसं सांगू?" एंजेला म्हणाली. पण तिनं खुर्ची पुढं सरकवली आणि समोरच्या टपरीवरून चहा मागवला, बिनसाखरेचा.

श्रीरामपुरातल्या त्या दुकानात दुरुस्तीचं काम ती एकटीच बघायची. सर निवृत्त शिक्षक. त्यांच्या दहा वर्षांच्या कॉम्प्युटरवर विंडोज टेन होतं, आणि त्याचे अपडेट आता बंद झाले होते. इलेव्हन टाकावं की आहे तेच रेटावं, एवढाच प्रश्न. पण आत उपासनेची साडेतीनशे गीतं होती. सरांनी जुन्या फॉन्टमध्ये एकेक करून टाइप केलेली.

"दुसरा दुकानवाला म्हणतो, अर्ध्या तासात इलेव्हन टाकून देतो."

"टाकता येईल. पण एवढ्या जुन्या मशीनला झेपायचं नाही. मी टाकणार नाही."

"हातचं गिऱ्हाईक जाईल की."

"जाऊ दे. गीतं गेली तर कुठनं आणणार?"

तिनं एक गीत दुकानातल्या नव्या मशीनवर उघडलं. अक्षरांची नुसती खिचडी. ती वैतागली नाही. गीत युनिकोडमध्ये बदललं, सरांना कडवं म्हणायला लावलं आणि ओळ न ओळ ताडून बघितली. मधेच एक जण प्रिंटरवरून आवाज चढवून गेला. त्यालाही तिनं शांतपणेच उत्तर दिलं.

"आधी सगळी गीतं अशी काढून घेऊ. मग नवं मशीन बघा. तोवर जुन्याला इंटरनेट जोडू नका."

सरांनी चष्मा पुसला. त्यांचं मनाशी ठरलं होतं.

"एंजेला, रागावू नकोस. गीतांची काळजी खरीच होती. पण एका खेपेत भागलं असतं. आमच्या सॅमसाठी तुझं स्थळ माझ्या बहिणीनं सुचवलं, ग्रेसनं. म्हटलं, पाहण्याच्या कार्यक्रमात सगळेच गोड बोलतात, मुलगी कामावर बघावी. तुझ्या घरी कधी येऊ?"

एंजेलानं मॉनिटर बंद केला.

"सॅमची तुम्हाला सांगायची हिंमत होईना, म्हणून आत्यांनी ही वाट काढली," ती हळूच म्हणाली. "मार्चमध्ये आमच्या रजिस्टर लग्नाला साक्षीदार म्हणून त्यांनीच सही केली, पप्पा."