उस्तादांची काळी छत्री

"त्याला आजच्या आज हाकला!" तारहाताबाईंनी मुख्याध्यापिकेच्या टेबलावर असा हात आपटला की कॉफीचा कप कलंडला.

टुमुलाक मॅडमनी घाईघाईनं कागद उचलले. "बाई, अरबी आणि इस्लामी संस्कारांचा वर्ग सरकारनंच दिलाय. उस्ताद जलानी चांगलं शिकवतात. तुमचा कासान तर वर्गात पहिला आहे."

"असेल! पण शिकवणारा टेकडीवरच्या घराण्यातला आहे. माझ्या मुलानं त्याच्या थोरल्या भावाला मारलं. ते रक्त अजून फिटलेलं नाही."

मॅडम परगावच्या, ख्रिस्ती. पण लानाओ सरोवराच्या काठी इतकी वर्षं काढल्यावर, रक्ताच्या बदल्यात मारणाऱ्याच्या घरातल्या एका पुरुषाचा जीव जातो, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. मारणारा मुलगा सौदीला निसटला होता. हाती लागेल असा एकच उरला होता, बाईंचा नातू कासान. यंदा त्याला बारावं लागलं होतं, म्हणजे पुरुषांत मोजायचं वय.

"शाळा सुटली की तो कासानबरोबर घरापर्यंत येतो," बाई कडाडल्या. "ऊन नाही, पाऊस नाही, तरी ती भलीमोठी छत्री उघडतो. मक्याच्या शेताच्या बाजूनं पोराला खेटून चालतो. मी काय दुधखुळी आहे? बंदूकवाल्याला लांबून ओळख पटावी म्हणून ती छत्री!"

उत्तराची वाट न पाहता त्या वर्गात घुसल्या. वर्ग कसला, जुन्या बाकांची अडगळीची खोली. पोरं सुरात अक्षरं म्हणत होती, ती एकदम गप्प झाली. फळ्यावर अरबीत एकच शब्द होता: अमानत.

उस्तादांनी खडू खाली ठेवला. "या बाई. कुणी सोपवलेलं जिवापलीकडे जपायचं, तेच शिकवत होतो."

"तुझ्या तोंडी शोभतं रे! लाज नाही वाटत?"

"आजी, पुरे ना!" कासान रडवेला झाला.

"तू तोंड मिट!"

उस्ताद जमिनीकडे बघत म्हणाले, "मला काढा. माझी तक्रार नाही. फक्त मक्याची कापणी होऊ द्या."

"का? तोवर काम उरकतं वाटतं?"

उस्तादांची नजर मक्याच्या शेताच्या दिशेनं गेली. बाईंना तेवढं पुरलं. दारात येऊन उभ्या राहिलेल्या मॅडमकडे त्या वळल्या. "उद्या हा इथं दिसला तर माझे भाचे शाळेत येतील. आणि ते काही पाढे म्हणायला यायचे नाहीत."

मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं. शाळा सुटायच्या आत अरबीचा वर्ग बंद झाला.

फाटकापाशी उस्तादांनी छत्री कासानच्या हातात दिली. "उघडूनच जा, बाळा."

बाईंनी ती हिसकावली आणि शेजारच्या गटारात फेकली. उस्ताद पुढं झाले, तशा त्या गरजल्या, "पाऊल टाकून बघ!" ते थांबले.

संताप अजून उतरला नव्हता. बाई पुढं तरातरा चालल्या. वैरात बाईमाणसावर कुणी गोळी झाडत नाही, त्यामुळं भीती ठाऊकच नव्हती. कासान रुसून, पाय ओढत खूप मागं राहिला होता.

वळणावर तंबाखूचा वास आला. मक्याची ताटं मोडलेली दिसली. कुणाच्या तरी पोटावर पाय देतात मेले! दोन शिव्या हासडाव्यात म्हणून बाई ताटं बाजूला सारत आत शिरल्या.

आत कुणी नव्हतं. माणूस बसून बसून दबलेली जमीन होती. फाटकी चटई होती. तिथून रस्ता स्वच्छ दिसत होता. चटईशेजारी सिगारेटच्या थोटकांचा ढीग होता. खालची थोटकं गेल्या महिन्याच्या पावसात भिजून फुगलेली, त्यावरची वाळलेली, पिवळी पडलेली. उस्ताद उघड्या छत्रीआड पोराला खेटून या वळणावरून गेले आणि आपल्याच माणसावर गोळी झाडता आली नाही, त्या सगळ्या दिवसांची.

सगळ्यात वरचं अजून धुमसत होतं.