मधली पायरी

चर्चशेजारच्या त्या जुन्या घरात किती फादर राहून गेले, कोण जाणे. त्यांच्या पावलांनी जिन्याच्या मधल्या पायरीला खोलगट खळगा पडला होता. म्हाताऱ्या फादरांचा पाय त्यात मुरगळला, तेव्हा सुताराने अगदी जिवावर आलं तरी ती पायरी काढली आणि कोरी, सपाट फळी ठोकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फादर म्हणाले, "मिस्त्री, फळी बदलायची राहून गेली वाटतं."

"राहील कशी? माझ्या हातांनी ठोकलीय!"

सुतार तणतणत वाकला. खिळे त्याचेच होते, नवे, चकचकीत. फळीला मात्र तोच खळगा होता.

"वर कोण जातं, फादर?"

"कोणी नाही. मीसुद्धा कालपासून खालीच झोपतोय."

सुताराने खळग्यात हात टेकवला. तळव्यावर अलगद कुणाचं तरी वजन पडलं, मग उचललं गेलं, आणि वरची पायरी करकरली.