तीन पायऱ्या खाली

"पियानोबरोबर वाजवलं की भांडतं गं," वर्ना म्हणाली आणि तिनं दोन कागद आर्डिसपुढे सरकवले. "रविवारी त्याच्या स्मरणसभेत वाजवायचंय."

वर्नाचा नवरा पामर, गावच्या बँडचा मास्तर, जाऊन सोळा दिवस झाले होते. आर्डिस त्याच्या बँडात अठ्ठावीस वर्षं होती. प्रत्येक वाद्याची पट्टी वेगळी, त्यामुळे एकच चाल प्रत्येकासाठी वेगळी लिहून काढावी लागते. गावात हे काम तिच्याकडेच असायचं.

एका कागदावर पियानोची साथ होती, दुसऱ्यावर चाल. चालीवर ना वाद्याचं नाव, ना माणसाचं.

"शेवटच्या महिन्यात लिहिलंय," वर्ना म्हणाली. "माझ्या क्लॅरिनेटसाठीच असणार. दुसऱ्या कुणासाठी लिहील?"

आर्डिसनं पहिली ओळ मनातल्या मनात वाचली. चाल कुठल्या वाद्याची, ते तिला तिथंच कळलं. तिनं चष्मा काढून पुसला.

"पट्टीत गफलत झालीय त्याची. तीन पायऱ्या खाली उतरवते, मग जमेल."

"पामरची गफलत?"

"एवढी औषधं पोटात गेल्यावर डोकं कुठं ठिकाणावर राहतं."

आर्डिस एकेक सूर खाली उतरवत लिहीत गेली. बाहेरून बर्फ ढकलणारी गाडी खडखडत निघून गेली. वर्नाच्या कपातली कॉफी तशीच निवली.

शेवटच्या ओळीपाशी आर्डिसचा हात थांबला.

"इथं श्वास घ्यायला लांब जागा सोडलीय त्यानं."

"मला नाही लागत एवढी."

"मग काढू?"

"राहू दे. त्यानं सोडलीय, तर राहू दे."

लिहून झाल्यावर आर्डिस पियानोवर बसली आणि वर्नानं क्लॅरिनेट जोडलं. आता काहीच भांडत नव्हतं. चाल संपल्यावर वर्ना क्लॅरिनेट सुटं करू लागली.

मग वर्नानं साथीचा कागद आणि शाई न वाळलेला नवा कागद पिशवीत घातला, कोटाची बटणं लावली.

"हा राहिला तुझा," आर्डिसनं पामरच्या अक्षरातली चाल पुढे केली. "आठवण म्हणून तरी ने."

वर्नानं दार उघडलं.

"तूच ठेव," ती म्हणाली. "गावात फ्रेंच हॉर्न तुझ्याशिवाय वाजवतं कोण?"