काठोकाठ पियाली

सायकाल-आपांचा लिनक्सवाला कॉम्प्युटर माझ्या दुकानात दरवेळी सुरू व्हायचा आणि त्यांच्या घरी मधूनच अडायचा. मेमरी बदलली, डिस्क बदलली, तरी पडद्यावर तीच ओळ: "प्रतीक्षा चालू आहे. मुदत नाही."

शेवटी मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा आपांनी वारलेल्या नवऱ्याच्या खुर्चीपुढे अर्धी पियाली चहा ठेवला. कॉम्प्युटर सुरू झाला.

"चहावर चालतो होय हा?"

"म्हातारासुद्धा चहाशिवाय हलायचा नाही," म्हणत आपा स्वयंपाकघरात गेल्या.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या किर्गिझस्तानातल्या ओश शहरात पाहुण्याला अर्धी पियाली म्हणजे बैस, आणि भरलेली म्हणजे ऊठ आता. मी ती काठोकाठ भरली. "निघा, आजोबा!"

मग कॉम्प्युटर कितीदा बंद-चालू केला, एकदाही अडला नाही.

आपा आल्या. पियाली बघून त्यांचा चेहरा उतरला. "मेल्या, कुठे घालवलंस त्यांना?"

तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"अहो, दुकानातले सगळे कॉम्प्युटर अडलेत. आणि तुम्ही पाठवलेले ते आजोबा... मी काठोकाठ चहा दिला, तरी उठत नाहीत."