जेवताना टीव्ही बंद

जेवताना टीव्ही बंद, हा आमच्या घरात बायकोचा कायदा. मी कायम ओरडायचो, "ही हुकूमशाही आहे!" ती म्हणायची, "मग मतदान घ्या, बदला की. पण एकाचाही हात खाली राहिला, तर कायदा कायम." आणि तिचा हात कधीच वर गेला नाही.

ती गेल्यानंतरची ही पहिली क्रिकेट फायनल. ताटं वाढून झाली होती. लेक म्हणाली, "बाबा, आज घ्याच मतदान." तिने हात वर केला. नातीने तर दोन्ही केले.

माझा हात ताटातच राहिला.

"आजोबा! विरोधी पक्षात तर तुम्हीच होता ना?"

"होतो की. म्हणून काय तिचं सरकार पडू देऊ? तू खिडकी उघड तेवढी. शेजारी मॅच मोठ्याने लावतात."