दाराजवळचा कोनाडा

लाल जाकीटवाल्याने आपली टोपी काढून कोनाड्यातल्या कवटीच्या डोक्यावर चढवली आणि तिच्या गालाला गाल लावून उभा राहिला. बायकोने फोटो काढला. मग बायकोने कवटीला स्वतःचा गॉगल घातला आणि नवऱ्याने फोटो काढला. मागे आणखी दहाजण आपली पाळी कधी येते म्हणून ताटकळत होते. त्यांच्या जाडजूड बुटांमधून घरातले गिनीपिग जीव मुठीत धरून चुलीमागे पळाले.

"इंका सरदार," गाईड वाल्तेर सांगत होता. "पाचशे वर्षांपूर्वीचा. या घराचा मूळ पुरुष. आमच्या डोंगरात मेलेली माणसंच घर राखतात."

"आणि हा सोन्याचा दात?"

"इंकांचं सोनं, साहेब."

वाल्तेर याच गावचा, वायरापाताचा. इथल्या शाळेत चौथीत दोनदा गटांगळी खाल्लेला. पण पाहुणे दिसले की त्याच्या जिभेला हाड राहत नाही. आठवड्यातून तीनदा तो असा घोळका घेऊन येतो, आधी पडकी इंका भिंत दाखवतो, मग बटाट्याचं शेत, मग हे घर.

ब्रिसाईदा दाराबाहेर उभी होती. सकाळच्या बसने कुस्कोहून आली होती, काखेत एक पांढरी लाकडी पेटी घेऊन. आत एकाने ओढत असलेल्या सिगारेटचं ओलं थोटूक कवटीच्या दातांत खुपसलं. सगळे हसले. ब्रिसाईदाला त्या हसण्याची किळस आली, वाल्तेरची आली, आणि सगळ्यांत जास्त आली ती आजीची.

कारण आजी, फोर्तुनाता, तिथेच उंबऱ्याशी बसून निवांत लोकर कातत होती. एक भिडस्त मुलगी टोपी हातात घेऊन घुटमळली, तेव्हा म्हातारीच म्हणाली, "घाल, घाल. त्याला चालतं."

घोळका एकदाचा गेला. एक टोपी कोनाड्यात विसरून गेला. ब्रिसाईदा तरातरा आत शिरली. तिने टोपी भिरकावली, थोटूक उपटून फेकलं, कवटी उचलून घागऱ्याच्या काठाने पुसली. मग ती छातीशी धरून तिच्या कपाळाचा मुका घेतला.

"माफ करा, पणजोबा," ती पुटपुटली आणि कवटी पेटीत ठेवू लागली.

"काय चाललंय?" आजीने विचारलं.

"मातीत घालणार आहे. फादरशी बोलणं झालंय. आज दुपारीच."

"ठेव जागच्या जागी."

"लाज नाही वाटत तुला, आज्जी? सख्खा बाप ना तुझा? गावात सगळ्यांच्याच घरात आहेत वाडवडील. पण ते चुलीवरच्या कोनाड्यात, उबेला. पुढ्यात कोकाची पानं, कानाला लोकरीची टोपी. आणि तू बापाला इथं दाराशी बसवलंस, वाऱ्यात. एक कानटोपी नाही विणलीस त्याला. वर ही माणसं येतात आणि आपल्या थुंकीची सिगारेट..."

फोर्तुनाताने चाती खाली ठेवली.

"माझ्या बापाला सोन्याचा दात?" ती म्हणाली. "पोरी, त्याला पायात वहाण नव्हती."

ब्रिसाईदाचा हात पेटीच्या झाकणावर थांबला.

"बाप वर कब्रस्तानात आहे माझा. आख्खा. आईच्या शेजारी. त्याला मी कशाला उठवू? जन्मभर उभाच होता तो. झोपू दे."

"मग हा कोण?"

म्हातारीने दाराबाहेर हनुवटी उडवली. खाली दरीत जमीनदाराची जुनी हवेली दिसत होती. छप्पर गेलेलं, अंगणात कुणाच्या तरी मेंढ्या.

"ग्रेगोरियो मालक. तू कुस्कोला कामाला गेलीस ना, त्याच वर्षीच्या पावसात त्यांच्या चॅपेलची भिंत बसली. थडगं उघडं पडलं. घरचे सगळे लिमाला, कोण येतंय बघायला? मीच आणला, बटाट्याच्या पोत्यात घालून. लोकांनी आपापल्या मनाने ठरवलं की म्हातारीने बाप आणला. मला कुणी विचारलंच नाही."

"पण का, आज्जी?"

"माझा बाप याच्या दाराशी उभा असायचा. पाहुणे आले की आपापल्या टोप्या त्याच्या डोक्यावर ठेवायचे. एकावर एक. खुंटीला ठेवतात तशा. एखादी पडली की चाबूक. मी सात वर्षांची होते, तिथंच कोपऱ्यात भांडी घासायचे. नवा पाहुणा जरा लाजला की हा मालक हसत म्हणायचा, 'ठेवा, ठेवा. त्याला चालतं.'"

ब्रिसाईदाने बाहीने ओठ पुसले. पुन्हा पुसले. मग घागरीजवळ जाऊन खळखळून चूळ भरली आणि दाराबाहेर थुंकली. तरी तोंडाची चव जाईना.

"असला तरी मेलेलं माणूस आहे, आज्जी," ती शेवटी म्हणाली. "मातीत तर घालायला हवं."

"घालू की. मी काय राक्षस आहे?"

फोर्तुनाताने पेटीतून कवटी काढली. कोनाड्यात ठेवली, तोंड दाराकडे करून. खाली पडलेली टोपी झटकली आणि तिच्या डोक्यावर नीट बसवली. मग उंबऱ्याशी बसून पुन्हा चाती हातात घेतली.

"माझा बाप बावीस वर्षं उभा राहिला ह्याच्या दाराशी," ती म्हणाली. "ह्याची सोळा झालीत. पेटी घेऊन सहा वर्षांनी ये."